वाळूतलं टेबल

ठमाबाईंनी अल्बमचं शेवटचं पान उलटलं, पुन्हा पहिल्या पानावर आल्या आणि चष्मा कपाळावर सरकवत म्हणाल्या, "शेठ, मालकीनबाईंनी कायच खाल्लं न्हाय व्हय?" मी तेव्हा त्यांच्या टोमॅटोसाठी करप्याचं औषध पिशवीत घालत होतो. ठमाबाई लासुर्ण्याच्या. वीस वर्षांपासून माझ्या इंदापूरच्या खत-औषधांच्या दुकानात येतात. पान बघून रोग ओळखणारी बाई, तिच्या नजरेतून काही सुटत नाही हे मला ठाऊक होतं, म्हणून मी हसण्यावारी नेलं. म्हटलं, "खाल्लं की. सात पदार्थ व्हते, सात. एकामागनं एक." त्यांनी अल्बम माझ्याकडे फिरवला आणि फोटोंवरून बोट एकेक करत नेलं. "ह्यात तुमचं ताट अर्धं झालंय, त्यांचं भरल्यालं. ह्यात तुमचं संपलंय, त्यांचं भरल्यालं. ह्यात बी. ह्यात बी. चमचासुदिक हाललेला न्हाय बगा." मग अल्बम मिटला, पिशवी उचलली, "उपास आसंल," म्हणाल्या, आणि एसटीची वेळ झाली म्हणून निघून गेल्या. एवढंच. पण मी काउंटरवर दोन्ही हात टेकून उभा राहिलो, आणि त्यानंतरच्या गिऱ्हाइकाला अळीच्या औषधाऐवजी भलतंच काहीतरी द्यायला निघालो होतो. त्यानंच बाटली वाचली आणि परत केली.

अल्बम दुपारी सुयोग देऊन गेला होता. सुयोग म्हणजे औषध कंपनीचा आमच्या भागातला माणूस. ज्या दुकानदारांनी गेल्या हंगामात टार्गेट पुरं केलं, त्यांना कंपनीनं डिसेंबरात जोडीनं मालदीवला नेलं होतं. साताऱ्याचे, सोलापूरचे, नगरचे, अशा चाळीस जोड्या, आणि इंदापूर तालुक्यातली फक्त आमची. मी फुशारक्या मारणारा माणूस आहे, हे कबूल करतो. परत आल्यापासून महिनाभर मी दुसरं काही बोललेलो नाही. युरिया मागायला आलेल्या माणसाला समुद्राचा रंग सांगायचा, ठिबकची नळी मागणाऱ्याला पाण्यात उभी असलेली लाकडी घरं सांगायची. लोक ऐकून घेतात, उधारी-पाधारीचे संबंध, न ऐकून सांगतात कोणाला. प्रत्येक वेळी मी शेवटी एक वाक्य म्हणायचो, "आमच्या हिला तर लईच आवडलं." हे वाक्य माझ्या तोंडात इतकं बसलं होतं, की ते खरं आहे का हे तपासावं असं एकदाही वाटलं नाही. संध्याकाळी शटर ओढलं, अल्बम शेजारच्या सीटवर ठेवला आणि गाडी बारामतीच्या रस्त्याला लावली. दुकान इंदापुरात, राहणं बारामतीत, हे पोरांच्या शाळेपासूनचं. आता छकुलीचं लग्न झालं, रणजित पुण्याला नोकरीला, शाळा कधीच संपली, पण फ्लॅट राहिला आणि फ्लॅटमध्ये आम्ही दोघं राहिलो.

ते बेट मला चांगलं आठवत होतं, हीच तर गंमत. स्पीडबोटीतून उतरलो तर थंड ओले रुमाल घेऊन माणसं उभी. खोलीच्या दाराला नारळाची करवंटी टांगलेली, तीवर इंग्रजीत आमची दोघांची नावं कोरलेली, जोतीराम आणि चंद्रा. तिचं नाव माझ्या नावाशेजारी मी लग्नपत्रिकेनंतर पहिल्यांदा बघितलं असेन. आत जमिनीत मोठी काच बसवलेली आणि काचेखाली समुद्र, निळे-पिवळे मासे पायाखालून चाललेले. चंद्रा त्या काचेवर पाय द्यायची नाही, भिंतीला धरून कडेकडेनं जायची. उशी कशी हवी ते विचारायला वेगळं कार्ड होतं, मऊ, कडक, गव्हाच्या कोंड्याची. मी हौसेनं सगळ्यांवर खुणा केल्या आणि रात्री पलंगावर उशाच उशा झाल्या, आमच्या दोघांच्या मधे त्यांचा बांधच पडला. सकाळचा नाश्ता टोपलीत घालून खोलीसमोरच्या छोट्या तलावात तरंगत सोडायचे. पाण्यात उभं राहून खायचं. सोलापूरकर मंडळी पाण्यात उतरली, बायकांनी साड्यांवरून टॉवेल गुंडाळले, हसण्याचा नुसता कल्ला. मीही उतरलो. अननस खाल्ला, कसलेतरी पाव खाल्ले. चंद्रा काठावर टॉवेल धरून उभी होती. मी विचार करत होतो, तेव्हा तिनं काय खाल्लं? टोपली तर मी रिकामी केली होती.

लासुर्ण्याच्या अलीकडे उसाचा ट्रॅक्टर आडवा आला. दोन ट्रॉल्या, मोठ्यानं गाणी लावलेली, आणि ओव्हरटेक करायला जागा नाही. एरवी मी हॉर्नवरून हात काढला नसता. आज त्याच्या मागं गुमान चालत राहिलो. मला आठवायचं होतं की चंद्रा जेवते कशी. साधी गोष्ट. डाव्या हातानं पदर सावरते का? भाकरी चुरून खाते की मोडून? आधी भात घेते की शेवटी? माझ्याकडे येणाऱ्या शेतकऱ्यांपैकी कोणाच्या रानात कुठल्या वर्षी कुठला रोग पडला हे मी झोपेतून उठवलं तरी सांगेन. आणि एकतीस वर्षं जिच्या हातचं खातो, ती बाई जेवताना माझ्या डोळ्यासमोर येईना. वाढताना दिसत होती. तव्यापाशी दिसत होती. "आजून घ्या थोडं," म्हणताना दिसत होती. जेवताना नाही. लाज वाटली, आणि लाजेपेक्षा भीती जास्त वाटली. असं वाटलं की घरी कोणीतरी बाई आहे आणि तिची-माझी ओळख व्हायची राहून गेली आहे.

यात जगावेगळं काही नाही, हे मी स्वतःला सांगत होतो. आमच्या गावी, कऱ्हाटीला, सगळीकडे तेच. पुरुषांची पंगत आधी, मग पोरं, मग बायका. आईला जेवताना मी तरी कुठं बघितलं? चंद्रा लग्न होऊन आली तेव्हा आईनं तिला सांगितलं होतं, नवऱ्याच्या ताटात जेवायचं, वेगळं ताट घ्यायचं नाही. मी उठलो की ती माझं ताट ओढायची आणि चुलीकडे तोंड करून बसायची. मला तेव्हा बायकोशी चारचौघांत बोलायची चोरी, मग मी काय करायचो, मटणाचा चांगला तुकडा ताटाच्या कडेला ठेवून उठायचो. गूळ असला तर गुळाचा खडा. कोणी बघितलं तर वाटावं की टाकलंय. ती ते कधी बोलली नाही, मीही नाही. आमचं सगळं प्रेम, असेल ते, त्या ताटाच्या कडेला झालं. पुढं बारामतीला आलो, ताटं वेगळी झाली, डायनिंग टेबल आलं, आणि ते तुकडा ठेवणं कधी सुटलं ते कळलंसुद्धा नाही. टेबलावर आता वर्तमानपत्रं, माझ्या बीपीच्या गोळ्या आणि कंपन्यांची कॅलेंडरं असतात. एका टोकाला मी जेवतो. ती उभी असते. माझं झालं की मी बातम्या लावतो, आणि आत भांड्यांचा आवाज येत राहतो.

ट्रॅक्टर कारखान्याकडे वळला. रस्ता मोकळा झाला, तरी मी गाडी पळवली नाही. शेवटच्या दिवशीचं ते जेवण आता तुकड्यातुकड्यांनी परत येत होतं, आणि प्रत्येक तुकडा उलटा येत होता. टार्गेटमध्ये पहिल्या आलेल्या तीन जोड्यांसाठी कंपनीनं ते खास ठेवलेलं. दिवस कलायला बोटीतून एका वाळूच्या पट्ट्यावर नेऊन सोडलं. झाड नाही, घर नाही, चारी बाजूंनी पाणी. वाळूतच खोल चर खणून बसायला बाकं केलेली, मधे वाळूचंच टेबल, त्यावर पांढरं कापड आणि कंदील. प्रत्येक जोडीचं टेबल इतकं लांब की एकमेकांचा आवाज येऊ नये. आमच्या दिमतीला पिकल्या केसांचा एक केरळचा वाढपी होता, माझ्याच वयाचा, हातात पांढरे मोजे, हिंदी बरं बोलणारा. त्यानं चंद्राला माझ्या समोर बसवलं. समोर. मधे फक्त कंदील. मला आठवतं, मला अवघडल्यासारखं झालं. इतक्या सरळ मी तिच्याकडे कधी बघितलेलं नव्हतं, काय बोलावं कळेना. म्हणून मी त्या वाढप्याशीच बोलत राहिलो. आमच्याकडचा ऊस, उजनीचं पाणी, द्राक्षं. तो बिचारा मान हलवत होता. कुठला काटा कशाला ते मी त्याला विचारून घेत होतो, आणि उरलेला वेळ चंद्राच्या खांद्यावरून समुद्र बघत होतो.

एक एक पदार्थ यायचा. मोठ्या पांढऱ्या ताटात मधोमध एवढंसं काहीतरी. नारळाच्या दुधातला कच्चा मासा, भोपळ्याचं सूप, केळीच्या पानात भाजलेलं काहीतरी, मग तो लॉबस्टर, कवचासकट. चंद्रा हात मांडीवर ठेवून बसलेली. मी जेवायची ती वाट बघत होती. आता मला हे लख्ख दिसत होतं. तिच्या हिशेबानं जेवण सुरू झालं होतं ते माझं, माझं झालं की मग तिचं. पण तिथली रीत अशी, की साहेबानं काटा ठेवला की दोघांचीही ताटं उचलायची आणि पुढचं आणायचं. मी काटा ठेवायचो, ती ताटाकडे हात न्यायची, आणि पांढरे मोजे मधे यायचे. मग नवं ताट. पुन्हा ती थांबायची. सात वेळा. एकदा त्या वाढप्यानं वाकून तिला हळूच विचारलं होतं, "मॅडम को पसंद नहीं आया?" ती त्याच्याकडे बघून हसली. हिंदी तिला समजतं, बोलवत नाही. उत्तर मी दिलं. म्हटलं, "बहोत अच्छा लगा. इसको सब अच्छा लगता है." गाडीत एकट्यानं मी ते वाक्य पुन्हा एकदा मोठ्यानं म्हणून बघितलं, आणि मलाच माझ्या थोबाडीत मारावीशी वाटली.

सणसरच्या पुढं चहाच्या टपरीपाशी गाडी थांबवली, चहा सांगितला, गाडीतला दिवा लावला आणि अल्बम उघडला. पाचवा फोटो. माझ्या ताटात लॉबस्टरच्या कवचाला लागून एक चांगला मोठा पांढरा तुकडा तसाच राहिलेला, अगदी कडेला. मी तो ठेवला होता. मुद्दाम नाही, मला आठवतही नव्हतं, हातानंच ठेवला असणार. हाताला कऱ्हाटी आठवत होती, डोक्याला नाही. आणि समोर तिचं अख्खं ताट, आणि तिची नजर माझ्या ताटाच्या त्या कडेवर. फोटोवाल्याला काय माहीत, त्यानं लिहिलं होतं कसलंतरी 'फॉरेव्हर'. पुढच्याच फोटोत दोन्ही ताटं गेलेली. चहावाला म्हणाला, "काय पावनं, चहा गार झाला की." मी तो गारच प्यायलो. तिथं बसल्या बसल्या मी ठरवलं. फार मोठं काही नाही. आज तिच्यासोबत बसून जेवायचं. एका वेळेला, समोरासमोर. बेट नको, कंदील नको, आपलं घर, आपलं टेबल. एकतीस वर्षांचं भरून निघत नसतं, तेवढी अक्कल मला आहे. पण एकदा तिला जेवताना बघायचंच. हे ठरल्यावर मला इतकं हलकं वाटलं, की पुढच्या गावात उतरून मी पेढे घेतले.

घरी पोचलो तेव्हा आठ वाजत आले होते. चंद्रानं दार उघडलं, पिशवी घेतली, "आज उशीर?" म्हणाली आणि आत गेली. मी हातपाय धुतले. मग टेबलावरची वर्तमानपत्रं उचलली, कॅलेंडरं उचलली, गोळ्या फ्रिजवर ठेवल्या आणि फडक्यानं टेबल पुसलं. ती दारात येऊन बघत राहिली. "कोण येणार हाय?"

"कोण न्हाय. तुझं बी ताट घे."

"माझं कशाला?"

"जेवायला. दोघं बसू."

तिला वाटलं माझी तब्येत बिघडली. जवळ येऊन कपाळाला हात लावला, खरंच. "गोळी घेतली न्हवं?" मी म्हटलं, घेतली, तू बस. ती काहीबाही बोलत राहिली, भाकरी टाकायची हाय, गॅस चालू हाय, तुमी व्हा फुडं. मी जाऊन गॅस बंद केला. मग मात्र तिनं दोन ताटं वाढली. मेथीची भाजी, आमटी, भाकरी, भात, कांदा. पेढा मी तिच्या ताटात ठेवला. ती माझ्या समोरच्या खुर्चीवर बसली, अगदी कडेवर, कधीही उठता येईल अशी.

मी थांबलो. तिनं सुरू करावं म्हणून. तीही थांबली, मी सुरू करावं म्हणून. आमटी निवायला लागली. "खा की," मी म्हणालो. "तुमी खा आदी." "न्हाय, आज तू." असं दोन-तीनदा झालं. शेवटी तिनं भाकरीचा इवलासा तुकडा मोडला, मान फिरवली, पदर तोंडापुढं धरला आणि तो तोंडात टाकला. चावतानाचा आवाज येऊ नये म्हणून ती हळू चावत होती. मी बघत होतो. हेच तर बघायचं होतं मला. पण ती बाई जेवत नव्हती, डॉक्टरसमोर औषध घ्यावं तसं घेत होती. मानेची शीर ताणलेली. घास खाली उतरेना, पाणी प्यायली. दुसरा तुकडा मोडला आणि ताटातच ठेवून दिला.

"माझ्याकडं बघू नका वो," ती म्हणाली.

मी भिंतीकडे बघितलं. तरी काही हललं नाही. मग मला राहवलं नाही. अल्बम आणला, तिच्यापुढं ठेवला आणि सगळं बोललो. ठमाबाई काय म्हणाल्या ते, ट्रॅक्टरमागं मी काय काय आठवलं ते. म्हणालो, "सात ताटं तुझ्या म्होरनं गेली आन मी समुद्र बघत बसलो. उपाशी राहिलीस तू. मला कळलं न्हाय. मला कायच कळलं न्हाय आजपतूर." बायकोसमोर मी असा कधी बोललो नव्हतो. चंद्रानं अल्बम उघडला नाही. तिनं तो टेबलाच्या कडेला सरकवला, ताटाला लागू नये म्हणून.

"उपाशी न्हाय राहिले मी," ती म्हणाली. "बोटीतनं आलो, तुमी आडवं झाला. त्या घराला मागनं पायऱ्या व्हत्या बगा, पाण्यात उतरायच्या. तितं जाऊन बसले. संगं कडक भाकरी नेली व्हती मी घरनं, आन शेंगदाण्याची चटणी. पाय पाण्यात सोडलं. दोन भाकरी खाल्ल्या. चुरा पडंल तो मासं खात व्हतं. लई ब्येस वाटलं." हे सांगताना तिचा चेहरा मी कधी न बघितलेला होता. तरुण नव्हे, पण मोकळा. सगळ्या टूरमध्ये आवडलेली गोष्ट ती एका महिन्यानं मला सांगत होती, आणि तीही मी विषय काढला म्हणून.

"मला उठवायचं न्हाय का? मी बी आलो आस्तो."

"कशाला?" ती म्हणाली.

तिनं ते रागानं म्हटलं असतं तर मला बरं वाटलं असतं. रागाला उत्तर देता येतं. पण तिला खरंच प्रश्न पडला होता. मग तिला माझी दया आली असावी. ताटाच्या काठावरून बोट फिरवत ती समजावून सांगायला लागली, छकुलीला लहानपणी सांगायची तशी. "तुमचं झालं की मी आत ताट मांडीवर घिऊन बसते. खाली, वट्ट्याला टेकून. लसूण कच्चा खाते, वास येतो म्हणून तुमच्याम्होरं खात न्हाय. कढईतलं खरवडून खाते. कुणी हाक मारत न्हाय, कुणाला वाढायचं नसतं. सासूबाई व्हत्या तवा बी तेवढा येळ त्या यायच्या न्हाईत सैपाकात. सबंध दिसात तेवढाच माझा आस्तो. आता तुमी म्हनताय रोज म्होरं बसून जेवायचं..." ताटाच्या काठावरचं बोट तिनं काढून घेतलं. "तेवढं नका करू."

वाटेत, चहाच्या टपरीवर, मी माफी कशी मागायची ते ठरवलं होतं. ती काय म्हणेल, रडेल का, तेही ठरवलं होतं. ती माझ्यावाचून जेवते म्हणून बिचारी आहे, एवढं धरून मी पन्नास किलोमीटर आलो होतो. ती बिचारी वगैरे नव्हती. तिची एक जागा होती, तिथं ती रोज जात होती, आणि त्या जागेत मी नसणं हीच तिथली चव होती. समोरासमोर बसलेलो असताना मला इतकं एकटं वाटलं, जितकं त्या वाळूच्या पट्ट्यावर वाटायला हवं होतं. म्हणावंसं वाटलं, मग माझं काय? मी कुणाबरोबर जेवायचं? पण हा प्रश्न तिनं एकतीस वर्षांत मला कधी विचारला नव्हता, आणि आता तो मी विचारायचा म्हणजे कमालच झाली असती.

"भाजी गार झाली. गरम करून आनू का?" ती म्हणाली.

"नको. हाय ती चांगली हाय."

मी खाली बघून जेवायला लागलो. भाकरी आमटीत बुडवली, मेथी संपवली, कांदा खाल्ला. ती खुर्चीवरून उठून उभी राहिली, तिच्या नेहमीच्या जागी, दाराच्या चौकटीला टेकून, आणि तिचे खांदे खाली आले. भात वाढू का म्हणाली. थोडाच, म्हणालो. एरवी मी भातावर रेंगाळतो, ताक घेतो, दोन गोष्टी सांगतो दुकानातल्या. आज चार घासांत भात संपवला. तिला किती भूक लागली असेल, याचाच विचार डोक्यात होता.

"झालं माझं," मी म्हणालो. उठलो, ताट बेसिनमध्ये ठेवलं, हात धुतले. तिनं तिचं भरलेलं ताट उचललं आणि आत गेली. मी बातम्या लावल्या नाहीत. गॅलरीत जाऊन खुर्चीवर बसलो आणि मधलं दार ओढून घेतलं, म्हणजे तिला सुरू करता येईल.